गुरगुरणाऱ्या कुत्र्याला गप्प करू नका

कुत्रा कोपऱ्यात हाडूक चघळत बसलाय. घरातलं कुणीतरी जवळून जातं आणि त्याचं चघळणं थांबतं. मान हाडकावर झुकते, अंग ताठ होतं, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागतो. माणसाच्या हे लक्षात येत नाही. तो आणखी एक पाऊल पुढे टाकतो आणि कुत्रा गुरगुरतो. "माझ्यावर गुरगुरतोस?" म्हणत माणूस त्याच्या नाकावर चापट मारतो, हाडूक काढून घेतो. कुत्रा गप्प बसतो. पुढच्या वेळी तो गुरगुरत नाही, त्याच्या पुढच्या वेळीही नाही. मग एक दिवस त्याच घरातल्या कुणाच्या तरी हातात दात रुततात आणि सगळे म्हणतात, "काही कळायच्या आत चावला हो. आधी साधं गुरगुरलाही नाही."

गुरगुरलं की मार बसतो, हे त्याला शिकवलं होतं. तो धडा त्याने नीट लक्षात ठेवला.

चापटीने आवाज बंद झाला. हाडूक हिरावून घेतलं जाईल ही धास्ती मात्र तशीच राहिली. उलट ती खरी ठरली, आणि तिच्यात माणसाच्या हाताच्या भीतीची भर पडली. म्हणून कुत्र्याचं एखादं वागणं खटकलं की "हे बंद कसं करू?" असं विचारण्याआधी "याला आत्ता काय वाटतंय?" असं विचारावं. मला या लेखात सांगायचं आहे ते मुख्यतः एवढंच. पण ते पटायला कुत्रा बोलतो कसा आणि शिकतो कसा, या दोन गोष्टी नीट समजून घ्याव्या लागतात.

कुत्रा आधी हळू बोलतो

"भुंकणारा कुत्रा चावत नाही" ही म्हण माणसांबद्दल ठीक असेल, कुत्र्यांबद्दल तिच्यावर विसंबू नये. भुंकणारा कुत्रा चावू शकतो. आणि जो चावतो, त्याने बहुतेक वेळा भुंकण्या-गुरगुरण्याच्याही बरंच आधी आपलं म्हणणं मांडलेलं असतं.

केंडल शेफर्ड या ब्रिटिश पशुवैद्य बाईंनी कुत्र्याच्या अस्वस्थतेची एक शिडी मांडली आहे. तिच्या सगळ्यात खालच्या पायऱ्या इतक्या साध्या आहेत की आपण त्यांच्याकडे पाहतही नाही. झोप आलेली नसताना जांभई देणं, समोर खायला काही नसताना नाक चाटणं, डोळे मिचकावणं. मग तोंड फिरवणं, अंग वळवून बसणं, पुढचा एक पंजा उचलणं. मग उठून निघून जाणं. ते जमलं नाही तर कान मागे पाडून दबकणं, शेपूट पायांत घालणं, कधी पाय वर करून उताणं पडणं. एवढ्यावरही समोरचा थांबला नाही, तर अंग ताठ होतं आणि नजर रोखली जाते. त्यानंतर गुरगुरणं, हवेत दात मारणं, आणि शेवटी चावा. प्रत्येक कुत्रा प्रत्येक वेळी सगळ्या पायऱ्या चढतोच असं नाही. खालच्या पायऱ्यांवर कुणी ऐकत नाही असा अनुभव वारंवार आलेला कुत्रा त्या गाळायला शिकतो.

आमची कुत्री ठमी मोठी होऊन घरात आली. पहिल्या आठवड्यात ती टेबलाखाली बसून राहायची आणि मी कौतुकाने तिला ओढून मांडीवर घ्यायचा प्रयत्न करायचो. ती जांभया द्यायची. तेव्हाचा एक फोटो माझ्याकडे अजून आहे: मान माझ्यापासून पार पलीकडे वळलेली, जीभ नाकावर, कान मागे चिकटलेले. तो फोटो मी "किती गोड!" म्हणून नातेवाइकांना पाठवला होता. ती बिचारी दहा वेळा "नको" म्हणत होती. आज तो फोटो पाहिला की मला वाईट वाटतं, आणि म्हणूनच मी तो ठेवला आहे.

शेपटीबद्दलही आपली समजूत अर्धवट असते. शेपूट हलते म्हणजे कुत्रा काहीतरी तीव्रतेने अनुभवतोय, एवढंच खात्रीने म्हणता येतं. अंग सैल असेल, कंबरेपासून मागचा भाग डुलत असेल, तोंड किंचित उघडं असेल तर तो खुशीत आहे. शेपूट उंच, ताठ आणि बारीक थरथरत असेल, अंग लाकडासारखं झालं असेल, तर हात पुढे करू नये. 2007 साली इटलीतल्या संशोधकांनी मोजमाप करून दाखवलं की आपला माणूस दिसला की कुत्र्याची शेपूट उजवीकडे जास्त झुकते, आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. चालताबोलता हा फरक आपल्याला टिपता येणार नाही. पण शेपटीला एकापेक्षा जास्त अर्थ असतात, एवढं तरी त्यावरून ध्यानात राहावं.

आणि तो "अपराधी चेहरा"! घरी आल्यावर फाटलेली उशी दिसते, कुत्रा मान खाली घालून कोपऱ्यात बसलेला असतो, आणि आपण म्हणतो, याला आपली चूक बरोबर कळलीय. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकी संशोधक बाईंनी 2009 मध्ये याची सरळ परीक्षा घेतली. मालक खोलीबाहेर असताना कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्ला की नाही, याची मालकाला कधी खरी माहिती दिली, कधी खोटी. तो अपराधी चेहरा कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नाही यावर ठरत नव्हता, मालक रागावला की नाही यावर ठरत होता. काहीच न केलेले पण रागावून घेतलेले कुत्रे तर जास्तच "अपराधी" दिसले. आपण ज्याला पश्चात्ताप समजतो, ते "तू चिडला आहेस, मला काही करू नकोस" असं म्हणणं असतं. तीन तासांपूर्वी फाडलेल्या उशीसाठी आत्ता ओरडलं, तर कुत्रा त्यातून एवढंच शिकतो की माणूस घरी येतो तेव्हा घाबरायचं असतं.

"मालक कोण ते दाखवा" हे आलं कुठून

कुत्र्याला धाकात ठेवलं नाही तर तो डोक्यावर बसतो, तुमच्या आधी जेवू देऊ नका, दारातून आधी जाऊ देऊ नका, ऐकलं नाही तर उताणा पाडून दाबून धरा, हे सल्ले आजही सर्रास दिले जातात. त्यांचं मूळ लांडग्यांच्या एका अभ्यासात आहे. रूडॉल्फ शेंकेल या स्विस अभ्यासकाने 1947 साली बंदिस्त लांडग्यांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेले लांडगे वरच्या स्थानासाठी एकमेकांशी झगडतात, असं त्याला दिसलं. पुढे डेव्हिड मीच या अमेरिकी संशोधकाच्या 1970 सालच्या पुस्तकामुळे "अल्फा लांडगा" ही कल्पना घरोघर पोहोचली.

यातला पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही. डेव्हिड मीच यांनीच 1986 पासून कॅनडाच्या अतिउत्तरेकडच्या एल्समेअर बेटावर अनेक उन्हाळे मोकळ्या लांडग्यांच्या सहवासात काढले, आणि 1999 मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब असतं: आई, बाप आणि त्यांची वेगवेगळ्या वयांची पिल्लं. तिथे सिंहासनासाठी मारामारी करून कुणी "अल्फा" होत नाही. आईबाप पुढे असतात ते आईबाप आहेत म्हणून. त्यांनी स्वतःच्या त्या जुन्या पुस्तकाची छपाई थांबवावी म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. एखादा शास्त्रज्ञ आपलीच गाजलेली कल्पना इतक्या चिकाटीने मागे घेतो, याचं मला फार अप्रूप वाटतं. कल्पना मात्र मागे यायला तयार नाही.

शिवाय कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे. माणसाच्या संगतीत त्याला कमीत कमी चौदा-पंधरा हजार वर्षं झाली आहेत. दारातून तो आधी धावतो, कारण बाहेर मजा आहे. तुमचं घर बळकावण्याचा त्याचा काही बेत नसतो.

तो शिकतो कसा

शिकण्याच्या दोन वाटा आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी चालू असतात.

पहिली वाट जोडणीची. इव्हान पाव्हलोव्ह हा रशियन शास्त्रज्ञ कुत्र्यांच्या पचनाचा अभ्यास करत होता. 1904 चं नोबेल त्याला पचनाच्या कामासाठीच मिळालं. प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांच्या तोंडाला अन्न दिसण्याआधीच, ते घेऊन येणाऱ्या माणसाच्या चाहुलीनेच पाणी सुटतं, हे त्याच्या ध्यानात आलं. कुत्र्याने हे ठरवून केलेलं नव्हतं. एका गोष्टीमागून दुसरी येते हे त्याच्या शरीराने टिपलं होतं. भीतीही अशीच जोडली जाते. दवाखान्याच्या वासामागून सुई येते, मग नुसत्या वासानेच पाय थरथरतात.

दुसरी वाट परिणामाची. त्यासाठी आपल्या भाषेत एक नेमका शब्द आहे: सोकावणं. म्हातारी मेल्याचं दुःख नसतं, काळ सोकावतो. ज्या कृतीने फायदा झाला ती कृती पुन्हा होते. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1898 मध्ये मांजरांना पेट्यांत ठेवून हे मोजलं आणि बी. एफ. स्किनरने पुढे त्याचं सविस्तर शास्त्र केलं. ताटाशेजारी भुंकल्यावर एकदा घास मिळाला की कुत्रा भुंकायला सोकावतो. तसाच तो शांत बसायलाही सोकावू शकतो, फक्त शांत बसल्यावर घास मिळायला हवा. आपली गोची अशी की शांत बसलेल्या कुत्र्याकडे आपलं लक्षच नसतं. तो गोंधळ घालतो तेव्हा सगळं घर त्याच्याकडे वळतं.

इथे वेळेला फार महत्त्व आहे. कृती आणि बक्षीस यांत दोन-चार सेकंदांचं अंतर पडलं तरी कशाबद्दल मिळालं हे कुत्र्याला उमगत नाही. तो बसला, तुम्ही खिसा चाचपलात, तोवर तो उठून नाचायला लागला, मग तुम्ही खाऊ दिलात. बक्षीस नाचण्याला मिळालं. म्हणून शिकवताना एक ठरावीक छोटा शब्द वापरतात, "छान" किंवा "हो", किंवा क्लिकर नावाची टिक वाजणारी डबी. आधी पंधरा-वीस वेळा शब्द आणि लगेच खाऊ, शब्द आणि लगेच खाऊ, असं करायचं. मग तो शब्दच "हे जे आत्ता केलंस ना, तेच" असं सांगू लागतो आणि खाऊ पोहोचायला क्षणभर उशीर झाला तरी चालतं.

"ही तर लाच झाली" असं मला पुष्कळ लोक म्हणतात. लाच काम होण्याआधी दाखवली जाते, मेहनताना काम झाल्यावर मिळतो. खाऊ हातात धरून नाचवल्याशिवाय कुत्रा बसत नसेल, तर तिथे लाचेची सवय लागली आहे हे खरं. खाऊ आधी दाखवणं बंद करावं आणि नंतर देणं चालू ठेवावं. सवय पक्की झाली की प्रत्येक वेळी द्यायची गरज उरत नाही. आणि बक्षीस म्हणजे खाऊच असं कुठे आहे? दार उघडणं, चेंडू फेकणं, तो खांब हुंगायला जाऊ देणं, हीसुद्धा बक्षिसंच.

मारून काय होतं

मारण्याने वागणं बदलत नाही असं मी म्हणणार नाही. बदलतं, कधी कधी झटपट बदलतं, आणि म्हणूनच मारणारा माणूसही मारायला सोकावतो. प्रश्न आहे तो त्यासोबत आणखी काय शिकवलं जातं याचा.

रस्त्यावर दुसरा कुत्रा दिसला की तुमचा कुत्रा भुंकतो, असं समजा. भुंकला की तुम्ही गळ्यातल्या साखळीला हिसका देता. तुमच्या मते शिक्षा भुंकण्याला आहे. कुत्रा मात्र त्या क्षणी दुसऱ्या कुत्र्याकडे पाहत असतो, आणि पाव्हलोव्हच्या वाटेने वेगळीच गाठ बसते: तसला कुत्रा दिसला की गळा आवळतो. आधी तो नुसता बिचकत होता, आता त्याला बिचकायला सबळ कारण मिळालं. महिन्याभराने तो जास्त लांबून आणि जास्त जोरात भुंकायला लागला की हिसकाही वाढतो.

2009 साली अमेरिकेत मेगन हेरॉन आणि सहकाऱ्यांनी वागणुकीच्या तक्रारी घेऊन आलेल्या कुत्र्यांच्या 140 मालकांना विचारलं, तुम्ही काय काय करून पाहिलंत आणि त्यावर कुत्र्याने काय केलं? कुत्र्याला मारलं किंवा लाथ घातली असं सांगणाऱ्यांपैकी 43 टक्के लोकांना उलट आक्रमक प्रतिसाद मिळाला होता. उताणं पाडून दाबून धरणाऱ्यांपैकी 31 टक्के, नजर रोखून दटावणाऱ्यांपैकी 30 टक्के. 2020 मध्ये पोर्तुगालमधल्या सात प्रशिक्षण शाळांतल्या 92 कुत्र्यांचा अभ्यास झाला. धाकदपटशाने शिकवणाऱ्या वर्गांतले कुत्रे शिकताना जास्त ताणात दिसले, लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणात वाढणारं संप्रेरक) वर्गानंतर जास्त वाढलं, आणि धाक सर्वाधिक असलेल्या शाळांतल्या कुत्र्यांची वृत्ती वर्गाबाहेरही जास्त निराशावादी निघाली: एखाद्या भांड्यात खाऊ आहे की नाही हे ठरवता न येणाऱ्या जागी ते भांडं ठेवलं, तर ते त्याच्याकडे जायला जास्त वेळ घेत. विजेचा झटका देणाऱ्या गळपट्ट्यांवर वेल्समध्ये 2010 पासून बंदी आहे, आणि प्राण्यांच्या वागणुकीचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेने 2021 मध्ये सगळ्याच कुत्र्यांसाठी फक्त बक्षिसावर आधारलेल्या पद्धती वापरा असं स्पष्ट सांगितलं, अगदी चावणाऱ्या कुत्र्यांसाठीसुद्धा.

"पण तो शांत झाला ना?" हा युक्तिवाद मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. 1967 मध्ये मार्टिन सेलिगमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी केलेले प्रयोग आज वाचवत नाहीत. काही कुत्र्यांना विजेचे झटके दिले. काहीही केलं तरी ते थांबत नव्हते. नंतर त्यांना अशा पेटीत ठेवलं जिथे नुसतं कमी उंचीचं कुंपण ओलांडलं की झटका थांबत होता. बऱ्याच कुत्र्यांनी ते ओलांडलंच नाही. ते तिथेच आडवे पडून कण्हत राहिले. काही केलं तरी फरक पडत नाही, हे ते शिकून बसले होते. वरवर पाहणाऱ्याला असा कुत्रा आज्ञाधारक वाटेल. खेळत नाही, काही मागत नाही, भुंकत नाही. कुणी तीन दिवसांत "सुधारून" आणलेला कुत्रा दाखवला तर मी आधी त्याचे डोळे, कान आणि चाल पाहतो. त्याला खेळावंसं वाटतं का? स्वतःहून जवळ येतो का? खाऊ घेतो का?

भीती उलटी फिरवणं

रस्त्यावर दुसऱ्या कुत्र्यावर भुंकणारा तोच कुत्रा घेऊ. भीतीची गाठ जशी बसली तशीच ती सोडवता येते, पण क्रम आणि अंतर या दोन गोष्टी काटेकोर पाळाव्या लागतात.

अंतर म्हणजे काय? प्रत्येक कुत्र्याची एक रेघ असते. तिच्या पलीकडे राहून तो समोरच्या गोष्टीकडे पाहू शकतो, तुमच्याकडेही वळू शकतो, खाऊ खाऊ शकतो. रेघ ओलांडली की त्याला काही ऐकू येत नाही आणि आवडता खाऊही तो तोंडात घेत नाही. कुणाचं अंतर पाच पावलांचं, कुणाचं मैदानाच्या त्या टोकाइतकं. रेघेच्या आत शिकवणं होत नाही. तिथे सापडलात तर निमूट मागे वळा आणि लांब जा. त्यात कसलीही हार नाही.

आता क्रम. लांबवर दुसरा कुत्रा दिसतो. तुमच्या कुत्र्याला तो दिसतो. त्यानंतर, आधी नाही, त्याचा सगळ्यात आवडता खाऊ बारीक तुकड्यांत सुरू होतो आणि तो कुत्रा दिसेनासा होईपर्यंत चालू राहतो. कुत्रा गेला, खाऊ बंद. तो बसला पाहिजे, तुमच्याकडे पाहिलं पाहिजे, अशी कुठलीही अट नाही. खाऊ आधी काढलात तर गाठ उलटी बसते आणि पिशवीचा आवाज आला की "आता कुठून तरी कुत्रा येणार" असं त्याला वाटू लागतं. काही दिवसांनी, काही आठवड्यांनी, दुसरा कुत्रा दिसताच तो तुमच्याकडे वळून पाहतो: आला बघ, माझा खाऊ कुठाय? तो एक क्षण पाहण्यासाठी मी कितीही आठवडे थांबेन. तिथून पुढे अंतर एकेक पावलाने कमी करायचं.

सुरुवातीच्या हाडकाचं उत्तरही हेच आहे. तो अजून सैल असतो इतक्या लांबून जायचं, जाताजाता हाडकाहून सरस काहीतरी त्याच्याकडे टाकायचं आणि थांबायचं नाही. माणूस जवळून जातो म्हणजे काहीतरी चांगलं येतं, ही गाठ बसू लागते. मध्यंतरीच्या काळात हाडूक त्याला वेगळ्या खोलीत, दार लावून द्यावं, आणि तो खाताना मुलांना तिकडे जाऊ देऊ नये. दार, जाळी, पट्टा यांचा वापर म्हणजे पळवाट नव्हे. जे वागणं मुरायला नको, ते घडूच नये अशी सोय करणं हा शिकवण्याचाच भाग आहे. चावा आधीच झाला असेल तर पुस्तकं आणि लेख वाचून प्रयोग करू नका. पशुवैद्य आणि वागणुकीतला जाणकार गाठा, आणि मोकळा श्वास घेता येईल अशा जाळीदार मुसक्याची सवय खाऊ देत देत लावा.

एक गोष्ट लक्षात न आल्यामुळे पुष्कळ कुत्र्यांवर अन्याय होतो. ताण साचतो. सकाळी ढगांचा गडगडाट, दुपारी दवाखाना, संध्याकाळी घरभर पाहुणे. यातलं एकेक त्याने निभावलं. रात्री एका मुलाने नेहमीसारखी शेपूट ओढली, जी त्याने आजवर शंभर वेळा सहन केली होती, आणि तो अंगावर गेला. शेपटीचं निमित्त झालं; कुत्रा सकाळपासून भरत आला होता. शरीरातला ताण उतरायला तास लागतात. असा दिवस गेला की दुसऱ्या दिवशी शिकवणी नको, गर्दी नको.

घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर त्याची भीती "सोकावते" हा समजही चुकीचा आहे. सोकावतात त्या कृती. भीती ही भावना आहे. घाबरलेल्या मुलाला कुशीत घेतल्याने त्याला घाबरायची चटक लागत नाही. कुत्रा जवळ येत असेल तर येऊ द्या. त्याला पलंगाखाली बसायचं असेल तर तिथे बसू द्या.

अंगावर उड्या मारणं, पट्टा ओढणं या तक्रारी त्या मानाने सोप्या. उडी मारून त्याला तुमचं लक्ष हवं असतं. चारही पाय जमिनीवर असताना लक्ष मिळतं असा अनुभव द्या. नुसतं दुर्लक्ष सुरू केलं तर उड्या आधी काही दिवस वाढतात, आणि नेमक्या तेव्हाच माणसं धीर सोडतात. पट्टा ताणला की थांबायचं, सैल झाला की चालायचं. अंगाला बसणारा हार्नेस घाला म्हणजे गळ्यावर जोर येत नाही.

शिकवणीच्या आधी

वागणं अचानक बदललं तर शिकवणीचा विचार नंतर, दवाखाना आधी. डॅनियल मिल्स आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये लिहिलं की वागणुकीच्या तक्रारीसाठी तज्ज्ञांकडे पाठवलेल्या कुत्र्यांपैकी अगदी कमीत कमी धरलं तरी सुमारे एक तृतीयांश कुत्र्यांना कुठली ना कुठली वेदना असते. कंबर दुखणारा कुत्रा उचलताना गुरगुरतो. कान दुखणारा डोक्याला हात लावू देत नाही. दुखतंय हे सांगण्याबद्दल त्याला शिक्षा करायची?

पिल्लांची एक खास खिडकी असते, साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांच्या अमेरिकेतल्या दीर्घ अभ्यासातून (तो 1965 मध्ये प्रसिद्ध झाला) हे ठळकपणे पुढे आलं. या काळात जे जे बिनधोक अनुभवलं, ते पुढे जगाचा साधा भाग वाटतं: टोपी घातलेली माणसं, चाकांची खुर्ची, छत्री, मुलांचा आरडाओरडा. "बिनधोक" हा शब्द इथे महत्त्वाचा. पिल्लाला गर्दीत नेऊन वीस जणांच्या हातात दिलं तर ते गर्दीला घाबरायलाच शिकेल. लसी पूर्ण व्हायच्या असतील तर कडेवरून जग दाखवता येतं. किती आणि कुठे, ते पशुवैद्याला विचारा.

आणि त्याला हुंगू द्या. फिरायला नेतो आपण त्याला, पण चालतो आपल्या घड्याळाप्रमाणे, आणि नाक खाली गेलं की पट्टा ओढतो. 2019 च्या एका अभ्यासात काही कुत्र्यांनी दोन आठवडे वास शोधायचे खेळ खेळले, काहींनी मालकाच्या पायाशी शिस्तीत चालायचा सराव केला. नंतर वास शोधणाऱ्यांची वृत्ती जास्त आशावादी झालेली दिसली, दुसऱ्या गटाची नाही. खाऊ एका वाटीत देण्याऐवजी गवतात किंवा गुंडाळलेल्या टॉवेलमध्ये लपवून देणं एवढ्यानेही चंचल कुत्रा निवतो. झोपही अशीच दुर्लक्षित. मोठा कुत्रा दिवसाचा जवळजवळ अर्धा भाग झोपतो, पिल्लू त्याहून कितीतरी जास्त. संध्याकाळी वेड्यासारखं चावत सुटलेलं पिल्लू पुष्कळदा फक्त दमलेलं असतं.

शेवटी स्पर्शाबद्दल. कुत्र्याला हात लावल्यावर तीन-चार सेकंदांनी हात काढून घ्या आणि पाहा. तो पुढे सरकला, हाताला डोकं लावलं, तर त्याला आणखी हवंय. नुसता बसून राहिला, अंग झाडलं किंवा तोंड वळवलं, तर आत्ता नकोय. मुलांना एवढं एक शिकवलं तरी घरातले कित्येक चावे टळतील.

ठमीची नखं कापायला आधी आम्ही दोघं लागायचो. एक तिला धरायचा, दुसरा कापायचा, ती थरथरायची. मग ते सगळं थांबवलं आणि नव्याने सुरुवात केली. मी जमिनीवर बसून तळहात पुढे धरायचो. तिने त्यावर हनुवटी टेकली की खाऊ. उचलली की मी काहीच करायचो नाही. मग हनुवटी टेकलेली असताना पंजाला नुसता स्पर्श. मग नखाला कात्री टेकवणं, न कापता. हनुवटी उचलली की कात्री लगेच खाली, प्रत्येक वेळी, कितीही घाई असली तरी. पहिलं नख कापायला सहा आठवडे लागले. आता रविवारी सकाळी मी कात्री घेऊन बसलो की ती टेबलाखालून येते, अंग ताणून आळस देते आणि माझ्या तळहातावर हनुवटी ठेवते. एखाद्या दिवशी तिसऱ्या नखानंतर उचलते. मग राहिलेली नखं दुसऱ्या दिवशी.